मेहुण्यांचा आकडा

आमचे दादा आधी असे नव्हते, हे पहिल्यांदा सांगून टाकते. कारण शेवटची चार वर्षं ज्यांनी त्यांना पाहिलं त्यांना वाटेल हा माणूस जन्मापासून असाच, भाजीवाल्यापुढे दहा मिनिटं उभा राहणारा, दोन जुड्या दोन हातात घेऊन, आणि शेवटी काहीच न घेता घरी येणारा. तसं नाही. दादा म्हणजे एक घाव दोन तुकडे. घरात कुणाचं काही अडलं की सगळे म्हणायचे, दादाला विचारा, आणि दादा चपला काढता काढता सांगून मोकळे. बहुतेक वेळा बरोबरच सांगायचे.

कारखाना बाटल्यांचा. औषधाच्या, सरबताच्या, लोणच्याच्या, सगळ्या काचेच्या. मधोमध भट्टी, एका मोठ्या खोलीएवढी, विटांची, आणि तिच्या पोटात काच रटरटत असते. ही भट्टी एकदा पेटवली की विझवायची नसते. सणवार नाही, रविवार नाही, मालकाच्या घरी कुणी गेलं तरी नाही. थंड झाली तर आतल्या विटा तडकतात आणि पुन्हा सगळी बांधायला दोन महिने जातात, तोवर दीडशे माणसं घरी. म्हणून भट्टी बंद करायची हा शब्दसुद्धा तिथे कुणी सहज काढत नाही.

दादा तिथे अठराव्या वर्षी लागले, घमेली उचलायला. मॅनेजर झाले ते एका मावशीमुळे. पॅकिंगमध्ये एक म्हातारी मावशी होती, ती बाटल्या दोन दोन करून एकमेकींवर हळूच टेकवायची आणि खोक्यात भरायची. एक दिवस ती म्हणाली, आज आवाज बोदा येतोय. सगळे हसले. कुणी म्हणालं, मावशी, कान धुवून या. दादा तेव्हा शिफ्टचे इनचार्ज. ते हसले नाहीत. स्वतः खाली बसले, दोन बाटल्या घेऊन टेकवल्या, ऐकल्या, पुन्हा टेकवल्या. मग एक फोडून बघितली, तर काचेच्या आत बारीक खडे, विटांचे. लहान मुलांच्या औषधाच्या बाटल्या होत्या त्या. दादांनी दोन दिवसांचा सगळा माल मोडीत काढला, कुणाला न विचारता. मालक आधी तणतणले, मग तपासणी झाल्यावर त्यांनीच दादांना केबिन दिली. दादा तेव्हा म्हणायचे, मी काही हुशार नाही, मी फक्त हात लावून बघितलं.

हे वाक्य लक्षात ठेवा.

आता मेहुणे. आमच्या धाकट्या बहिणीचा, धाकटीचा नवरा. भट्टीवाला. दादांनीच स्थळ आणलं, म्हणाले, माणूस कमी बोलतो पण भट्टी त्याच्याशी बोलते. लग्नानंतर कारखान्यात त्याला नावाने हाक मारणं बंदच झालं. आधी साहेबांचे मेहुणे, मग नुसतेच मेहुणे. गेटवरचा वॉचमनपण म्हणायचा, या मेहुणे. ते हसून म्हणायचे, दीडशे जणांचा मेहुणा झालोय, निदान बहिणी तरी दाखवा कुणी.

त्यांची एक पद्धत होती. रोज कामावर आले की भट्टीभोवती एक फेरी. जागोजागी थांबायचं, विटेपासून एक वीत अंतरावर उजवा तळवा धरायचा आणि सावकाश मोजायचं, एक, दोन, तीन. हात सोसवेना की मागे घ्यायचा. जिथे भिंत जाड तिथे पंधरापर्यंत हात टिकायचा. आतून काच वीट खात असते, भिंत बारीक होत जाते, तसा आकडा उतरतो. खिशातल्या खडूने ते बाहेरच्या लोखंडी चौकटीवर आकडा लिहून ठेवायचे. दर महिन्याला एक इंजिनियर मशीन घेऊन यायचे आणि ठरलेल्या आठ जागी उष्णता मोजून कागद देऊन जायचे. मेहुण्यांच्या जागा चाळीस होत्या.

घरी आले की धाकटी ताट वाढता वाढता विचारायची, आज किती? ते फेरीतला सगळ्यात कमी आकडा सांगायचे, बारा. जशी दुसऱ्यांकडे हवापाण्याची गोष्ट निघते तशी त्यांच्याकडे ही.

आता चूक कुठे झाली ते. चूक भट्टीत नाही झाली, कॅन्टीनमध्ये झाली.

मशीनवर एक ऑपरेटर होता, वाद घालायचा म्हणून सगळे त्याला वकील म्हणायचे. दादा केबिनमध्ये गेल्यावर पहिल्याच महिन्यात मेहुण्यांना नवे बूट मिळाले, कारण त्यांचे जळाले होते. वकील कॅन्टीनमध्ये मोठ्याने म्हणाला, "बूट पाहिजेत? सोपं आहे. साहेबांना अजून एखादी बहीण आहे का बघा."

हशा पिकला. दादा दारातच उभे होते, हातात चहा. त्यांनी ऐकलं आणि तसेच मागे फिरले.

त्या दिवसापासून दादांनी एक नियम केला. मेहुणे जे मागतील त्याला आधी नाही म्हणायचं. रजा मागितली, नाही. हातमोजे आले, सगळ्यांना वाटून उरले तर मेहुण्यांना. बढती निघाली तेव्हा मेहुण्यांपेक्षा सहा वर्षं मागून आलेला माणूस वर गेला. धाकटी एकदा चिडून म्हणाली, "दादा, तू माझा भाऊ आहेस की वैरी?" दादा म्हणाले, "तिथे मी कुणाचा भाऊ नाही." आणि हे म्हणताना त्यांना बरं वाटायचं बघा. लोकही म्हणायला लागले, साहेब म्हणजे काटा, इकडे नाही तिकडे नाही. वकीलसुद्धा म्हणाला. दादांना त्या कौतुकाची चटक लागली. मेहुणे काही बोलायचे नाहीत. कारखान्यात साहेब म्हणायचे, घरी दादा, आणि दोन्हीकडे मान खाली.

भट्टी शेवटची नव्याने बांधली त्याला नववं वर्ष. मागच्या बाजूला, इंजिनियरच्या दोन जागांच्या मधोमध, एक ठिकाण होतं. खाली तळघर, शेजारच्या भिंतीपलीकडे पॅकिंग, जिथे तीस-पस्तीस बाया बसतात. तिथला आकडा आठ होता, मग सहा झाला. एका सोमवारी चार झाला.

मेहुणे फेरी अर्धी टाकून सरळ केबिनमध्ये गेले. तिथे वकील बसला होता, त्याला शिफ्ट बदलून पाहिजे होती. घाईत मेहुण्यांच्या तोंडून निघून गेलं, "दादा, भट्टी उतरवायला पाहिजे."

वकिलाने खाली बघून मिशीतल्या मिशीत हसू दाबलं. ते हसू दादांनी बघितलं. तेच बघितलं.

"इथे साहेब म्हणायचं," दादा म्हणाले.

"हो साहेब. चुकलं. पण मागची बाजू चारवर आलीय."

"चार म्हणजे काय? चार किलो? चार डझन?"

वकील आता उघडच हसला. मेहुणे म्हणाले, "साहेब, तुम्हाला माहीत आहे चार म्हणजे काय. तुम्ही एकदा येऊन हात धरून बघा. दोन मिनिटं लागतील."

"इंजिनियरचा कागद काय म्हणतो?"

"त्यात ती जागाच नाही."

"मग? तुमच्या तळहातावर मी दीडशे माणसं घरी बसवू? बारा दिवसांत ऑर्डर जायचीय. बारा दिवसांनी इंजिनियर येणार, ते सांगतील ते करू."

मेहुणे दारापर्यंत गेले. मग म्हणाले, "बारा दिवस मोठे आहेत, साहेब."

"बघू," दादा म्हणाले.

ते गेल्यावर वकील म्हणाला, "साहेब, मानलं तुम्हाला. दुसरा कुणी असता तर मेहुण्यासाठी कारखाना बंद केला असता." दादांनी त्याला शिफ्ट बदलून दिली.

दादांनी नंतर वहिनींना सांगितलं, मला तेव्हाच कळलं होतं. मेहुणे उगाच बोलणारा माणूस नाही हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, त्या मावशीने, वॉचमनने, खुद्द वकिलाने, तर मी उठून गेलो असतो. मेहुण्यांनी सांगितलं म्हणून नाही गेलो.

त्यांनी संध्याकाळी मालकांना फोन केला, ते दुसऱ्या शहरात. भट्टीवाले जरा काळजी करतायत, एवढंच म्हणाले. कोण भट्टीवाला ते सांगितलं नाही, चारचा आकडा सांगितला नाही. मालक म्हणाले, "मॅनेजर तुम्ही, ठरवा तुम्ही, मी कधी आडवा आलोय का?" आणि खरंच, ते आडवे नव्हते आले. ही गोष्ट दादांना शेवटपर्यंत टोचायची. दुसऱ्याच्या नावावर ढकलायलाही जागा नव्हती.

आठ दिवस गेले. रोज दादा केबिनमधून निघून पॅकिंगपर्यंत जायचे, मशीनपर्यंत जायचे, भट्टीच्या मागच्या बाजूला मात्र नाही. चाळीस पावलं. मेहुणे रोज फेरी करायचे, खडूने लिहायचे. वारा मारायचे नळ त्यांनी स्वतः ओढून त्या जागेकडे वळवले. धाकटी विचारायची, आज किती? चार. चार. मग एक दिवस म्हणाले, भूक नाही. तिने पुन्हा विचारलं नाही.

नवव्या दिवशी भर दुपारी, जेवणाची सुट्टी संपून माणसं परतत होती तेव्हा मागच्या भिंतीतून काच निघाली. आधी बोटाएवढी धार, पिवळीजर्द, खाली तळघरात. मेहुणे तिथेच होते. त्यांनी ओरडून दादांना बोलावलं. दादा धावत आले, पायऱ्यांपाशी थांबले. पॅकिंगच्या बाया पलीकडे कामाला बसत होत्या, त्यांना अजून पत्ता नाही.

मेहुणे म्हणाले, "साहेब, मी खाली जाऊन पाण्याने धार गोठवतो. तेवढ्यात बाया बाहेर निघतील. जाऊ?"

दादांच्या हातात फोन होता. ते म्हणाले, "थांबा जरा. मालकांना विचारतो."

त्यांनी नंबर लावला. तिकडे घंटी वाजत राहिली. मेहुणे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. किती वेळ, दादा सांगायचे, मी पण मनात मोजलं असेल, चार. मग मेहुण्यांनी वकिलाला हाक मारली, "बायांना काढ रे बाहेर, पळ!" आणि पायऱ्या उतरून गेले.

वकील पळाला. ते मान्य करायला पाहिजे, पळाला आणि एकेकीला हाताला धरून बाहेर काढलं. सगळ्या वाचल्या. मावशी तर बाटली हातात घेऊनच अंगणात आली. खाली धार गोठत आली होती, पण शेजारची वीट सुटली आणि बादलीने ओतावी तशी काच तळघरात साचलेल्या पाण्यात पडली. वाफेचा असा बार झाला की पत्रे उडाले. मेहुणे पुन्हा वर आले नाहीत.

मालकांनी फोन उचलला तो त्यानंतर. दादा नुसते "हॅलो, हॅलो" म्हणत होते.

पंधरा दिवसांनी चौकशीवाले साहेब आले. सभ्य माणूस, चष्मा पुसून पुसून लिहायचे. केबिनमध्ये दादा, समोर ते. त्यांनी विचारलं, "भट्टीबद्दल आधी कुणी कल्पना दिली होती?"

दादांनी पाण्याचा ग्लास उचलला, खाली ठेवला. म्हणाले, "लेखी नाही."

खोटं नव्हतं बघा. मेहुणे फक्त खडूने लिहायचे, आणि ती चौकट वितळून वाकली होती.

"मृत कामगार खाली गेला तो तुमच्या सांगण्यावरून?"

"मी थांबा म्हणालो होतो."

साहेबांनी तेवढं लिहून घेतलं. अहवालात आलं, आधी कुणी कल्पना दिल्याचं आढळत नाही, कामगार थांबायला सांगितलं असताना गेला. म्हणजे स्वतःच्या चुकीने मेला. बावीस वर्षं भट्टी ज्याच्याशी बोलायची त्याच्या नावावर या दोन ओळी. वकिलाला कुणी विचारलंच नाही, आणि त्याने आपणहून सांगितलं नाही. तो तोंड लपवत दुसरीकडे कामाला लागला.

धाकटीला कारखान्यातल्या एकाने तो कागद वाचून दाखवला. ती म्हणाली, "पुन्हा वाचा." त्याने पुन्हा वाचला. मग ती उठली आणि वाळत घातलेले कपडे काढायला गेली.

तेव्हापासून दादा असे झाले. कारखाना उघडला नाही, उघडला असता तरी ते गेले नसते. वहिनी आधी चेष्टा करायच्या, "अहो, चहा घेणार की नाही, एवढं तरी ठरवा, मला दुसरीही कामं आहेत." नंतर चेष्टा बंद झाली. सदरा त्याच काढून द्यायच्या, नाहीतर दादा कपाटासमोर उभे. आणि एक खोड लागली. चहाची किटली गॅसवर असली की बाजूला तळवा धरायचे आणि ओठ हलवायचे. वहिनी हात ओढून घ्यायच्या. तळव्याला फोड यायचे, बरे व्हायचे, पुन्हा यायचे.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी ते धाकटीकडे गेले. तीन वर्षांत पहिल्यांदा. तिची मुलगी शाळेत गेली होती. धाकटीने दार उघडलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. दादा म्हणाले, "तुला एक सांगायचंय. त्यांनी मला आधी..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "सोमवारी चार. मंगळवारी चार. मला रोज सांगायचे."

तिने इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. तिने सांगितलं असतं तर बायकोचं कोण ऐकणार, हे एक, आणि दुसरं, तिला वाटत होतं दादाच सांगेल. आज ना उद्या सांगेल.

तिने विचारलं, "मला एकच सांग. तू हात धरून बघितला होतास का?"

"नाही."

"एकदापण?"

"नाही."

तिने दादांपुढचा पाण्याचा ग्लास उचलून आत नेऊन ठेवला. मग म्हणाली, "मुलगी मला विचारते, बाबा सांगितलेलं ऐकायचे नाहीत का म्हणून. शाळेत कुणीतरी म्हणालं तिला. तू लिहून दे, दादा. बाकी मला तुझ्याकडून काही नको."

"देतो," दादा म्हणाले.

तिने चहा ठेवला होता, पण दादा किटलीकडे बघायला लागले तेव्हा तिने गॅस बंद केला. चहा तसाच राहिला.

दादा त्यानंतर वर्षभर होते. रोज दुपारी टेबलाशी बसायचे, दार लोटून. वहिनींना वाटायचं हिशोब करतात की काय. धाकटी वाट बघत होती, एकदाही आठवण करून दिली नाही, तिचा स्वभावच तो. गेल्या महिन्यात दादा खुर्चीत बसल्या बसल्या गेले. डॉक्टर म्हणाले हृदय.

खण उघडला तर एकोणीस कागद. सगळ्यांवर एकच मजकूर. अमुक सोमवारी भट्टीवाल्याने मला स्पष्ट सांगितलं होतं की भिंत गेली आहे, मी ऐकलं नाही, तो माझ्या चुकीने गेला. कुठे भट्टीवाला लिहिलंय, कुठे मेहुणे, एका ठिकाणी माझ्या बहिणीचा नवरा, ते खोडून पुन्हा भट्टीवाला. एका कागदावर फक्त "चार" लिहून सोडलंय. अक्षर चांगलं, मॅनेजरचं. आणि खाली प्रत्येकावर पट्टीने मारलेली रेघ, सहीसाठी. रेघेवर काही नाही. एकोणीसच्या एकोणीस.

धाकटी ते सगळे घेऊन चौकशीच्या ऑफिसात गेली. मुलीला बरोबर नेलं. खिडकीतल्या बाईंनी कागद उलटेपालटे केले. त्याही वाईट नव्हत्या, बसायला सांगितलं, आत जाऊन कुणाला तरी विचारून आल्या.

"हे कुणाचं म्हणणं आहे?"

"माझ्या भावाचं."

"मग सही का नाही केली त्यांनी?"

मुलीने आईकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "ताई, मला वाईट वाटतं, पण सहीशिवाय हा नुसता कागद आहे. त्यांना एकदा घेऊन या ना."

धाकटीने कागद पुन्हा घडी करून पिशवीत घातले. फायलीत अजून तेच आहे, थांबायला सांगितलं असताना गेला.